चौथीतल्या सोन्याच्या मानेची गाठ: कोणाला काय दिसलं होतं

मी बार्शी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका वस्तीवरच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी वर्ग, आम्ही दोन शिक्षक. हे प्रकरण माझ्या वर्गातल्या एका पोराचं आहे आणि त्याच्या आईवडिलांना विचारूनच लिहितेय, नाव-गाव देत नाही, आजी त्याला सोन्या म्हणते म्हणून इथे मी पण सोन्याच म्हणते. सोन्याला हॉजकिन लिम्फोमा झाला होता, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. गाठ दिसली पोळ्याच्या सुमारास आणि निदान झालं डिसेंबरात. मधल्या तीन-साडेतीन महिन्यांत जवळजवळ प्रत्येक खूण कोणाला ना कोणाला दिसलेली होती, आईला एक, आजीला एक, डॉक्टरांना एक, मला दोन, पण सगळ्या एका ठिकाणी कोणी मांडल्याच नाहीत. ते कसं झालं ते क्रमाने लिहिते.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सोन्याचं वजन २८ किलो होतं. हे मला नक्की माहितीये कारण त्या वर्षी मी अंगणवाडीतून काटा आणून सगळ्या पोरांची वजनं खरोखर केली होती. शिक्षक वाचत असतील त्यांना कळेल मी काय म्हणतेय, प्रगतीपुस्तकात वजन-उंचीची चौकट असते आणि ती बऱ्याचदा कशी भरली जाते ते आपल्याला माहितीये, मागच्या आकड्यात एक किलो मिळवायचा आणि पुढे जायचं. मी पण कितीतरी वर्षं तसंच केलंय. त्या वर्षी केलं नाही हे सोन्याचं नशीब.

पंधरा ऑगस्टला तो लेझीममध्ये होता, पहिल्या ओळीत. त्या दिवशीचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे, पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. नंतर सगळं कळल्यावर मी तो फोटो झूम करून बघितला तर मानेच्या डाव्या बाजूला कॉलरच्या वर थोडा फुगीरपणा तेव्हाही दिसतोय. त्या दिवशी तीस पोरांच्या गडबडीत कोणाला दिसणार.

पोळ्याच्या आसपास आईला अंघोळ घालताना गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, लाल नव्हती, दाबली तरी पोरगं कळवळत नव्हतं. आजी म्हणाली गालगुंड असेल, लेप लावला, चार-पाच दिवसांनी गावातल्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी घसा बघितला, दात बघितले, अँटिबायोटिक दिलं. इथपर्यंत काही चुकलं असं मी म्हणणार नाही. लहान पोरांच्या मानेत गाठी येतच असतात, घसा आला, दाढ किडली, डोक्यात उवा-खरूज झाली की तिथल्या ग्रंथी सुजतात आणि आपोआप बसतात. हरभऱ्याएवढी, बोटाखाली सरकणारी गाठ तर किती तरी धडधाकट पोरांच्या मानेत सापडेल. हे आधीच लिहितेय कारण हे वाचून कोणी आज रात्री पोराची मान चाचपून घाबरून बसू नये. त्यातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतातच.

फरक कुठे पडला तर पुढे. औषधाचा कोर्स झाला, दोन आठवडे गेले, चार आठवडे गेले, गाठ बसली नाही, उलट लिंबाएवढी झाली आणि तिच्या शेजारी अजून दोन आल्या. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, तालुक्याला. त्यांनी संध्याकाळचा ताप ऐकला, मानेच्या गाठी बघितल्या आणि टीबीच्या गाठी म्हणून गोळ्या सुरू केल्या. गाठीचा नमुना घेतला नाही. ना सुईने पाणी काढलं, ना सीबीनॅट (नमुन्यात टीबीचे जंतू शोधायची तपासणी) केली, ना छातीचा एक्सरे काढला. मला त्या डॉक्टरांवर राग काढायचा नाहीये कारण आपल्याकडे मानेच्या गाठी म्हटल्या की टीबी हा विचार येणारच, गंडमाळ आपल्या आज्यांच्या पण ओळखीची आहे आणि ताप, घाम, वजन उतरणं हे दोन्हीकडे अगदी सारखंच असतं. पण सारखं असतं म्हणूनच तर नमुना घ्यायला पाहिजे होता ना. हाताने चाचपून टीबी आणि लिम्फोमा वेगळा काढता येत नाही, भल्याभल्या डॉक्टरांना येत नाही. गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तरच कळतं.

आणि एकदा टीबी म्हटलं ना की पुढची प्रत्येक खूण टीबीच्या खात्यात जमा होत गेली. जेवत नाही, गोळ्या कडक आहेत म्हणून. वजन उतरलं, टीबीत उतरतंच. ताप आठवडाभर येतो, मग आठ दिवस येत नाही, मग परत येतो, तर गोळ्यांना वेळ लागतो. पायाला, पोटाला खाज सुटते, ती पण गोळ्यांची उष्णता. सगळ्याला उत्तर तयार होतं. दीड महिना गोळ्या खाऊन गाठी कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या तेव्हा तरी कोणीतरी म्हणायला पाहिजे होतं की थांबा, परत पहिल्यापासून बघू. टीबीच्या गाठी औषध चालू असताना पण कधीकधी थोड्या फुगतात हे खरं आहे, पण नमुना न घेता सुरू केलेलं औषध आणि त्यावर वाढत चाललेल्या गाठी, हे दोन्ही एकत्र आलं की वाट बघत बसायचं नसतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली तेव्हा माझ्या दोन गोष्टी लक्षात आल्या आणि मी दोन्ही सोडून दिल्या, हे मला आजही बोचतं. पहिली म्हणजे कॉलर. थंडी होती म्हणून परिपाठाला मी म्हटलं बटणं लावा रे सगळे, तर सोन्याचं वरचं बटण काजापर्यंत पोहोचेना. अंगाने तर तो सुकला होता, शर्ट खांद्यावर लोंबत होता, हात काड्यासारखे, आणि मान मात्र शर्टात मावत नाही. हे किती विचित्र आहे ते तेव्हा कळायला पाहिजे होतं. मी म्हटलं राहू दे, मफलर गुंडाळ.

दुसरी गोष्ट शवासनाची. शारीरिक शिक्षणाच्या तासाला सगळे वर्गात सतरंजीवर उताणे पडले होते, डोळे मिटून, आणि हा एकटा उठून बसला. मी म्हटलं झोप रे, तर म्हणाला, "बाई, आडवं झालं की जीव घाबरतोय." मला वाटलं टंगळमंगळ करतोय. त्याला कोरडा खोकला होता तो मी ऐकत होते, पण थंडीत निम्मा वर्ग खोकत असतो.

मग नोव्हेंबरच्या शेवटी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं. हे लोक वर्षातून एकदा येतात, गाडीतून काटा उतरवतात, डोळे-दात-कान बघतात, कार्ड भरतात. सोन्या काट्यावर उभा राहिला, २४.५ किलो. पथकातल्या ताई आकडा लिहून पुढच्या पोराला बोलवत होत्या. मी शेजारी रजिस्टर घेऊन बसले होते, माझी नजर जूनच्या रकान्यावर गेली. २८. मी परत उभं केलं, परत २४.५. साडेतीन किलो कमी. मोठ्या माणसाला साडेतीन किलो काही वाटत नाहीत पण हे २८ मधले साडेतीन आहेत, म्हणजे आठव्या हिश्शापेक्षा कमी नाही, आणि या वयातलं पोरगं सहा महिन्यांत वाढलं पाहिजे, ते उतरतंय. मी डॉक्टर मॅडमना रजिस्टर दाखवलं.

त्यांनी जे केलं ते मी अगदी जवळून बघितलं. शर्ट काढायला लावला. मानेच्या गाठी बघितल्या, पण तिथेच थांबल्या नाहीत, गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात बोटं ठेवली, दोन्ही बाजूंना, मग काखेत, मग जांघेत, मग आडवं करून पोट चाचपायला गेल्या तर हा आडवा होईना. तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी माझा हात धरून डाव्या हाडाच्या वरची गाठ मला दाखवली. पोरांचं खोडरबर दोन बोटांत दाबल्यावर कसं लागतं, टणक पण थोडं लवचिक, तशी होती. त्या म्हणाल्या मानेत गाठ असेल तर थोडं थांबून बघता येतं, पण हाडाच्या वरच्या या खळग्यात कुठल्याही वयाच्या पोराला गाठ लागली तर थांबायचं नाही, ती जागाच अशी आहे की तिथे साध्या सर्दी-घशाने गाठ येत नाही, छातीतून किंवा पोटातून काहीतरी वर आलेलं असतं.

मग आईला बोलावलं. शेतातून तशीच आली, हाताला माती. मॅडमनी विचारलं रात्री घाम येतो का. आई म्हणाली, "यीतो की, बनियन दोनदा बदलावं लागतंय, गोधडी पार भिजती." कधीपासून? "झालं की दोन महिने." डॉक्टरांना सांगितलं होतं का? "कुणी इचारलंच न्हाय. गोधडीत घाम यीतोच म्हणलं." मी तिथे बसून ऐकत होते. नोव्हेंबरातल्या थंडीत गोधडी पिळून काढावी इतका घाम, दोन महिने, आणि ते फक्त आईला माहीत. वजन फक्त माझ्या रजिस्टरला माहीत. आडवं होता येत नाही हे आजीला माहीत होतं, तो रात्री आजीच्या मांडीवर टेकून बसून झोपत होता, आजीला वाटलं लाडात आलाय.

कारण नसताना ३८ अंशांच्या वर जाणारा ताप, कपडे भिजवणारा रात्रीचा घाम, आणि सहा महिन्यांत वजनाचा दहावा हिस्सा किंवा जास्त उतरणं, या तीन गोष्टींना कॅन्सरचे डॉक्टर बी लक्षणं म्हणतात, हे मला नंतर कळलं. सोन्याला तिन्ही होती. पुढे रिपोर्टवर स्टेज लिहिली तेव्हा आकड्यापुढे बी अक्षर होतं ते यांच्यामुळेच. ही नसली म्हणजे लिम्फोमा नाही असं मात्र समजू नका, पुष्कळ पोरांत फक्त न दुखणारी गाठ असते आणि पोरगं खेळत-खात असतं.

त्याच दिवशी एक्सरे झाला. मी सोबत गेले होते. फिल्म उजेडात धरली तर छातीच्या मधोमध जो पांढरा भाग असतो तो इतका रुंद होता की मला पण कळलं काहीतरी भलतंच आहे. छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून जास्त. म्हणजे मानेत दिसत होतं ते थोडं होतं, मोठा गोळा आत श्वासनळीच्या पुढे बसलेला होता आणि उताणं झोपलं की तो मागे दाबला जायचा. शवासनातला जीव घाबरणं ते हे होतं. गाठी असलेल्या पोराला आडवं होऊन श्वास घेता येत नसेल, सकाळी उठल्यावर चेहरा किंवा डोळे सुजत असतील, गळ्याच्या शिरा फुगलेल्या दिसत असतील तर उद्या-परवा करायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं. अशा पोराला सीटी स्कॅनसाठी किंवा ऑपरेशनसाठी उताणं झोपवून भूल देणंसुद्धा धोक्याचं असतं, श्वासनळी दबून बंद होऊ शकते, म्हणून बायोप्सीच्या, म्हणजे गाठ काढून तपासण्याच्या आधी छातीचा एक्सरे झालेला पाहिजे. सोन्याची गाठ पुढे मुंबईत काढली ती त्याला उशाला टेकवून बसवून आणि फक्त मानेची जागा बधिर करून.

अजून एक गोष्ट मॅडमनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिली होती, बायोप्सी होईपर्यंत स्टिरॉइड देऊ नये. मला तेव्हा अर्थ कळला नाही. स्टिरॉइडने गाठी पटकन बसतात, ताप जातो, घरच्यांना वाटतं गुण आला, पण रोग जात नाही आणि नंतर गाठ तपासली तर निदान धड होत नाही. खेड्यात कुठल्याही ताप-खोकल्याला हे इंजेक्शन सर्रास मिळतं म्हणून मुद्दाम सांगतेय.

आता घरातली लढाई. बार्शीत कॅन्सर हॉस्पिटल आहे, देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली इथेच सुरू झाली, आमच्या भागात कॅन्सर हा शब्द काही नवा नाही. पण तो मोठ्या माणसांना होतो, तंबाखू खाणाऱ्यांना, बायकांना. दहा वर्षाच्या पोराला? वडील मान्यच करेनात. आणि गाठ कापायची म्हटल्यावर तर सरळ नाही म्हणाले. "मॅडम, गाठीला ब्लेड लागलं की पसरतंय म्हणत्यात सगळी." हे त्यांना एकाने नाही, दहा जणांनी सांगितलं होतं. मी दोन संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसले. बायोप्सीने लिम्फोमा पसरत नाही, तो रक्तासारखाच अंगभर फिरणाऱ्या पेशींचा आजार आहे, गाठ न कापता ठेवली म्हणून तो तिथे कोंडून राहत नाही. त्यांनी विचारलं मग सुईने भागणार नाही का. भागत नाही. हॉजकिनमध्ये त्या अख्ख्या गाठीत खऱ्या कॅन्सरच्या पेशी शंभरात एखादीच असते, बाकी सगळ्या साध्या पेशी गोळा झालेल्या असतात, सुईत ती एक आलीच नाही तर रिपोर्ट चांगला येतो आणि अजून दोन महिने जातात. म्हणून पूर्ण गाठ काढून द्यावी लागते. शेवटी वडील तयार झाले ते माझ्या बोलण्याने नाही, पोरगं रात्रभर बसून काढतंय हे त्यांनी स्वतः जागून बघितलं तेव्हा.

लातूर एक्सप्रेसने रात्री निघाले, सोन्या आईला टेकून बसूनच गेला. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये फाइल काढली, राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. गाडगेबाबांचं नाव ऐकून आजीला जरा धीर आला, एवढं मला फोनवर जाणवलं. रिपोर्टला आठ-दहा दिवस लागले. सूक्ष्मदर्शकाखाली हॉजकिनची खास पेशी दिसते, दोन केंद्रकं शेजारी-शेजारी, घुबडाच्या डोळ्यांसारखी. लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी हा आजार १८३२ साली पहिल्यांदा लिहून ठेवला, नाव त्यांचंच. स्टेज दोन बी निघाली, म्हणजे मान आणि छाती, पोटाच्या पडद्याच्या खाली काही नाही.

ट्रीटमेंटबद्दल फार लिहीत नाही, तो डॉक्टरांचा विषय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसलं, केसरी रेशनकार्ड होतं, कागदपत्रांची धावपळ मी आणि आमच्या ग्रामसेवकांनी केली. केमोतलं एक औषध लालभडक असतं, पहिल्या दिवशी पोराला लाल लघवी झाली आणि आईने रक्त समजून रात्री अकराला मला फोन केला. ते औषधाचंच असतं, आधी कोणी सांगितलं असेल तरी त्या माऊलीच्या डोक्यात काय राहणार. गाठी पहिल्या पंधरा दिवसांतच बसायला लागल्या. तो आडवा झोपला तेव्हा आईने मला फोटो पाठवला, उताणा, तोंड उघडं, गाढ झोपलेला. केमोच्या दोन फेऱ्यांनंतर पीईटी स्कॅन, म्हणजे अंगात कुठे आजार उरलाय ते दाखवणारा स्कॅन केला, तो चांगला आला, म्हणून रेडिएशन द्यावं लागलं नाही.

इकडे गावात वेगळंच चाललं होतं. त्याच्या बाकावर बसणाऱ्या पोराच्या आईने येऊन सांगितलं की आमच्या लेकराला त्या बाकावर बसवू नका, लागट असतंय. मी पालकसभा घेतली. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही, शेजारी बसून नाही, उष्टं खाऊन नाही. उलट केमो चालू असलेल्या पोरालाच आपल्या पोरांचा धोका असतो, वर्गात कांजिण्या निघाल्या तर त्याच्या घरी आधी कळवायचं, कारण त्याला त्या जिवावर बेतू शकतात. त्या बाई नंतर सोन्याच्या घरी जाऊन आल्या, भाकरी-पिठलं घेऊन.

एक गोष्ट राहिली. सगळे लिम्फोमा मानेतून आणि सावकाश येत नाहीत. पोटातही होणारा एक प्रकार आहे, बर्किट नावाचा, डेनिस बर्किट या सर्जनने युगांडातल्या पोरांच्या जबड्यात बघून १९५८ साली लिहिला, तो दिवसादिवसाला वाढतो. चार-आठ दिवसांत पोट फुगणं, पोटात गोळा लागणं, किंवा पाच-सहा वर्षांच्या पुढच्या पोराच्या आतड्यात आतडं अडकणं, असं झालं तर जंत म्हणून औषध देत बसायला तिथे वेळच नसतो. एखादा आठवडासुद्धा मोठा असतो. आणि हे सगळे आजार वेळेत सापडले तर बरे होतात म्हणूनच जीव तुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या पोरांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात आणि बऱ्याच गरीब देशांत ३० टक्क्यांपेक्षा कमी. औषधं पुष्कळशी तीच आहेत. पोरं उशिरा पोहोचतात, चुकीच्या निदानावर महिने जातात, आणि पैशासाठी ट्रीटमेंट अर्धवट सोडून घरी येतात.

आता मी वर्गात काय करते ते सांगते. वजनं जून, नोव्हेंबर आणि मार्चला खरीखुरी करते आणि ज्याचं उतरलं त्याच्या घरी जाते. गेल्यावर ताप आहे का एवढंच विचारत नाही, रात्री कपडे भिजतात का, झोपतो कसा, अंगाला कुठे गाठ आहे का आणि ती कधीपासून, हे विचारते, आणि आजी असेल तर आजीला वेगळं विचारते कारण रात्री पोर तिच्याजवळ असतं. जे कळेल ते तारखेसकट एका कागदावर लिहून आईच्या हातात देते, डॉक्टरांना हा कागद आधी दाखवा म्हणून. दोन वर्षांत असे पाच कागद दिले. चौघांचं काही निघालं नाही, एका मुलीच्या मानेतल्या गाठी खरंच टीबीच्या निघाल्या, पण नमुना घेऊन निघाल्या आणि ती गोळ्यांनी बरी झाली.

सोन्या आता सहावीत आहे, हायस्कूलला जातो. केमो संपून दीड वर्ष होत आलंय. केस आधीपेक्षा दाट आलेत. मागच्या महिन्यात गुळपोळी घेऊन आला होता तेव्हा मी त्याला काट्यावर उभा केला, ३३ किलो. पुढची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, लातूर एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन झालंय.